आधी पटका, मग तार

गेली लाईट. बसा, दादा. मांजरसुंब्याला भर दुपारी गेलेली लाईट लवकर परत येत नाही, आणि नांदूरघाटाहून एवढ्या उन्हात आलात तर अ‍ॅम्प ऐकल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही. शटर अर्धं खाली ओढते, झळा आत येतात. हा बॅटरीवरचा दिवा पुरे आपल्याला. पाणी घ्या, माठातलं आहे. माझा धाकटा भाऊ परमेश्वर आतल्या खोलीत गिटारला नवी तार चढवतोय. लाईट आली की तोच वाजवून दाखवेल. आमच्या दुकानात वाजवायचं काम त्याचं आणि नावं ठेवायचं माझं.

तुम्ही आल्या आल्या त्या कोपऱ्यातल्या अ‍ॅम्पकडे बोट दाखवलंत. भिंतीकडे तोंड करून ठेवलाय तो. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी त्याच्याकडेच बघतं, काय आहे त्याच्यात कोण जाणे. नाही, तो विकायचा नाही. त्याच्या वायरीची पिन मी पक्कडीनं तोडून टेबलाच्या खणात ठेवली आहे, खणाला कुलूप आहे. का ते सांगते, लाईट येईपर्यंत वेळच आहे. फक्त जरा हळू बोलूया. परमाला यातलं शेवटचं माहीत नाही.

माझे व्हिडिओ तुम्ही बघितलेत म्हणालात, म्हणजे माझी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. शहरातली मंडळी थंडगार खोलीत बसून अ‍ॅम्पला मार्क देतात. आमच्याकडं अ‍ॅम्पला लग्नात, जत्रेत, बाजारतळावर उभं राहावं लागतं, धूळ खावी लागते, आणि ऐन गाण्यात व्होल्टेज कोसळलं तरी तोंडघशी पडून चालत नाही. परमाचा जुना अ‍ॅम्प दिंद्रुडच्या एका लग्नात असाच जळाला. नवरदेव घोड्यावरून उतरतोय आणि इकडं धूर. लोकांना वाटलं, हीसुद्धा आतषबाजीच. परमाचं मात्र तोंड पडलं. ऑर्केस्ट्रावाल्यांनी सांगितलं, आता भरवशाचा अ‍ॅम्प असेल तरच ये.

तर मी अ‍ॅम्प कसा पारखते? सगळ्यात आधी त्याचं गप्प बसणं ऐकते. गिटार जोडायची, आवाज पूर्ण वाढवायचा, आणि तारेला हात लावायचा नाही. वाईट अ‍ॅम्प फुसफुसतो, घुमतो, मधेच कुठलं तरी रेडिओ स्टेशन पकडतो. मग सूर. स्वच्छ आवाजात दाणा आहे का, रॉक गाण्यातला फाटका आवाज काढला तर तो गोड फाटतो की नुसता किंचाळतो, ते बघायचं. मग पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात दिवसभर चालू ठेवायचा. मग शेतीच्या लाईनवर, जिथं मोटार चालू झाली की बल्ब मिणमिणतो. आणि शेवटी माळाची परीक्षा. ती मी व्हिडिओत दाखवत नाही, घरची आहे.

हा अ‍ॅम्प दसऱ्याच्या सुमारास आला. बीडचा आदिनाथ, वाद्यांचा व्यापारी, त्यानं पाठवला. नव्या धाटणीचा, आत छोटा कॉम्प्युटर असलेला, जुन्या काचेच्या नळ्यांच्या अ‍ॅम्पची हुबेहूब नक्कल करणारा. बाहेरून आलेला माल, कंपनी कुणाच्या ऐकण्यातली नाही. आदिनाथ फोनवर म्हणाला, "ताई, दोघातिघांनी नेला आन् परत आनला. बिघाड काय म्हणावं तर कायबी न्हाई. आवाज लई चांगला हाय, पण घरात नको, म्हणतेत. तुमी बगा जरा."

मला अशा गोष्टीचं हसू येतं. यायचं, असं म्हणा. मी त्याला टेबलावर घेतला, गिटार जोडली, आवाज पूर्ण वाढवला आणि कान लावला. काहीच नाही. फुसफुस नाही, घूं नाही, काही म्हणजे काही नाही. इतकी शांतता मी कुठल्या यंत्रात ऐकली नव्हती. वाकून ऐकताना मला उगाच वाटलं की पलीकडून तोही कान लावून बसलाय. मी मागे झाले आणि परमाला म्हटलं, वाजव.

त्यानं वाजवलं. दादा, मी माणसाची असो की यंत्राची, तोंडभर स्तुती करत नाही. पण तो सूर ऐकून मी खुर्चीवर बसले. गार, भरीव, आणि प्रत्येक बोट वेगळं ऐकू येत होतं. परमा तर खुळावला. त्याच्याशीच बोलायला लागला.

"काय बे," अ‍ॅम्पला म्हणाला, "आदीच कसा बोलतोस?"

"आधी म्हणजे?" मी विचारलं.

"ताई, बोट टेकायच्या आदीच आवाज उभा राहतोय. म्या नुसतं मनात आनलं की हाय तिथं."

हे ऐकून मी खूश झाले, काय सांगू. कारण या कॉम्प्युटरवाल्या अ‍ॅम्पांची हीच तर खोड असते. त्यांना विचार करायला वेळ लागतो. तार छेडली आणि आवाज आला, यात पापणी लवण्याएवढी फट राहते. चांगल्या अ‍ॅम्पमध्ये ती कळत नाही, भिकार अ‍ॅम्पमध्ये हात चिखलातून ओढल्यासारखा वाटतो. याच्यात फटच नाही, म्हणून मी त्याला पूर्ण मार्क दिले. उलटी फटसुद्धा असू शकते, हे कुणाच्या डोक्यात येईल?

उन्हात ठेवला, तापला नाही. शेतीच्या लाईनवर लावला, व्होल्टेज पार खाली गेलं तरी सूर हलला नाही. इतकं गुणी लेकरू बघून मलाच संशय यायला हवा होता. राहिली माळाची परीक्षा.

आमचे वडील धुळाजी, आम्ही आप्पा म्हणतो, मेंढपाळ. दिवाळीपर्यंत कळप घेऊन इथल्याच डोंगरात असतात, मग नगरच्या पलीकडे घाट उतरून जातात आणि उन्हाळा संपत आला की परततात. त्यांच्या कानाबद्दल काय सांगू? कळपातली कुठली मेंढी मागे राहिली ते घंटेवरून ओळखतात, मान वळवून बघत नाहीत. तर परीक्षा अशी. आम्ही टेम्पोत बॅटरी आणि अ‍ॅम्प टाकून अलीकडच्या माळावर जातो. आप्पा दरीपलीकडच्या उतारावर मेंढ्या चारत असतात. परमा एक सूर छेडतो. तो आप्पांना स्वच्छ ऐकू आला की ते डोक्याचा लाल पटका काढून वर धरतात. आवाजाला दरी ओलांडायला वेळ लागतो, त्यामुळं आधी तार, मग थोडी वाट, मग पटका. लहानपणापासून सगळ्या अ‍ॅम्पांचं हेच बघत आलोय.

आई, ताराबाई, निघताना म्हणाली होती, "भर दुपारच्याला माळावर काहून जायलात? सावली पायाखाली दबती ती येळ चांगली नसती." पण परमाला संध्याकाळी तालमीला जायचं होतं.

माळावर कुणी नव्हतं. ऑक्टोबरचं ऊन, वाळलेल्या कुसळांचा वास, वारा पडलेला. पलीकडच्या उतारावर मेंढ्या घोंगडी अंथरल्यासारख्या पसरलेल्या आणि कडेला आप्पा, एक लाल ठिपका डोक्यावर. परमानं गिटार गळ्यात घातली. मी म्हटलं, "हं, छेड."

तो तारेकडे हात नेत होता, आणि पलीकडे पटका वर झाला. मग तार वाजली.

मी हसले. म्हटलं, आप्पांना घाई झालीय. परत. परमा हात उचलतोय तोवर पटका वर, मग तार. मी परमाला म्हटलं, आता तू मनातल्या मनात ठरव, मला सांगू नको, कधीही छेड. तो दूर बघत उभा राहिला. बराच वेळ काही नाही. मग पटका वर झाला. मी परमाकडे बघितलं. त्याचा हात अजून खाली लोंबत होता. मग तो उचलला गेला आणि त्यानं तार छेडली.

"आता ठरवलंस?" मी विचारलं.

"हां... आत्ताच," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

मी आप्पांना फोन लावला. "आप्पा, तुमी आधीच काहून पटका धरायलात?"

"आदी कशाला? ऐकलं की धरतो. आलं ऐकू, म्हणून धरला."

परमानं मग शीळ वाजवली. आप्पा मेंढ्या माघारी वळवायला जी शीळ घालतात ना, लांब, तीन वळणांची, ती परमानं गिटारवर बसवली आहे. त्याचं स्वतःचं म्हणावं असं तेच एक. तो सुरुवात करणार, एवढ्यात पलीकडच्या सगळ्या मेंढ्यांनी एकदम माना वर केल्या आणि आमच्याकडे तोंडं वळवली. सगळा उतार आमच्याकडे बघायला लागला. आणि मग, दादा, परमाच्या बोटांनी शिळेचा पहिला सूर काढला.

मला हट्ट चढला. म्हटलं, याला खोटं पाडायचंच. पुढच्या वेळी पटका वर होताच मी परमाचा हात घट्ट धरला. "नको वाजवू. काढ ती गळ्यातून." त्यानं गिटार काढून टेम्पोच्या फळीला टेकवून ठेवली आणि आम्ही दोघं हात मागे बांधून दूर उभे राहिलो. वारा नव्हता. कुठलंसं एक करडू चुकून आमच्या माळावर आलं होतं, ते टेम्पोखालून निघालं, फळीला घासलं, आणि गिटार घसरून खाली आली. तारा झणाणल्या. करडू दचकून पळालं.

त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. या अ‍ॅम्पचा आवाज जितकं लांब जाल तितका आधी ऐकू येतो. आणि एकदा कुणी तो ऐकला की त्याला यावंच लागतं.

आम्ही सगळं आवरलं. परमा वाटेत एवढंच म्हणाला, "कुणाला सांगू नको ताई. पण सूर मातर... असला सूर न्हाई मिळायचा." त्याला भीती वाटली नव्हती असं नाही. पण त्याचं प्रेम भीतीपेक्षा मोठं होतं, आणि ते बघून मला जास्त भीती वाटली.

दिवाळी झाली, आप्पा कळप घेऊन गेले. अ‍ॅम्प मी कपाटात ठेवला. पौषात एका सकाळी आप्पांचा फोन आला, नगरच्याही पलीकडून. आप्पा फोनवर बोलत नाहीत, हुंकार देतात. त्या दिवशी बोलले.

"धने, परम्या कुठं हाय?"

"झोपलाय. का ओ?"

"शीळ ऐकली म्या त्याची. इथं."

"इथं कशी येईल, आप्पा?"

"कशी ते मला न्हाई ठावं. दोन वळणं घेतली. तिसऱ्याला तार तुटली... आन् मंग गप. नुसतं घूं, घूं."

मी हसण्यावारी नेलं आणि फोन ठेवून कपाटापुढे जाऊन उभी राहिले. अ‍ॅम्प बंद होता. पण मला कळून चुकलं की लांबवर कुठेतरी तो आत्ताच वाजून गेलाय, आणि आमच्यापर्यंत यायचा बाकी आहे. परमा शीळ वाजवतोय, तार तुटते, आणि तो गप्प होतो. पुढं काय झालं असेल? तुम्हीच सांगा, बहिणीच्या मनात काय येईल? लाईटचा धक्का लागून वाजवणारी माणसं गेलेली मी ऐकली होती. मला दुसरं काही सुचेचना.

मग चार दिवसांनी माझ्या डोक्यानं एक युक्ती काढली. आवाज यायचाच आहे ना? मग आपल्या हातानं आणू. मी परमाला सगळं सांगितलं. अ‍ॅम्प बॅटरीवर घेतला, म्हणजे लाईटचा संबंधच नको. परमाला लाकडी पाटावर बसवलं, पायात रबरी चपला. म्हटलं, शीळ वाजव, तिसरं वळण आलं की मी पक्कडीनं तार तोडते. त्यानं वाजवलं. दोन वळणं झाली, मी तार कापली, ती टणकन उडाली आणि परमा "मेलो!" म्हणून जीभ बाहेर काढून आडवा पडला. नाटकी कुठला. मी त्याला आधी एक चापट मारली आणि मग आम्ही दोघं पोट धरून हसलो. ओझं उतरलं. परमाच्या लेखी तो विषय तिथंच मिटला, आजही मिटलेलाच आहे.

मी आनंदानं आप्पांना फोन लावला. म्हटलं, झालं, आलं ते, संपलं.



"ते न्हाई, माय," आप्पा म्हणाले. "ते बी ऐकलंय म्या. काल वढ्याकाठी. त्याच्यात तू हासलीस. हे येगळं हाय."

"वेगळं म्हणजे... याच्यात काय आहे, आप्पा?"

"जाऊ दे."

"आप्पा, सांगा."

"तार तुटल्यावर... घूं झाल्यावर... तू रडतीस."

परमाची गिटार जुनी आहे, दादा. तारांखालचं तिचं चुंबक सैल झालंय, तोंड अगदी जवळ नेऊन बोललं तर माणसाचा आवाजही त्यातून अ‍ॅम्पमध्ये जातो. म्हणजे मी गिटारवर वाकलेली आहे. गिटार कुणाच्या तरी छातीवर आहे. हे मी एकटीनं बसून जुळवलं आणि परमाला सांगितलं नाही. मी त्याला ओळखते. सांगितलं असतं तर त्यानं मुद्दाम अ‍ॅम्प लावून बघितला असता. आप्पांचंही तेच मत पडलं. म्हणाले, त्याला कळू देऊ नको.

फाल्गुनात आई गेली. थकली होती, माझ्याकडेच होती. पहाटे उठून बघितलं तर संपलेली. परमा शेजाऱ्यांना बोलवायला धावला, आणि मी... मला आता सांगायला बरं वाटत नाही. छातीत हुंदका दाटून आला आणि त्याच क्षणी मनात आलं, हे रडू खरं आहे, हे वाया घालवायचं नाही. आईला तशीच सोडून मी दुकानात आले, अ‍ॅम्प काढला, चालू केला, परमाची गिटार मांडीवर घेतली आणि तिच्यावर वाकून पोटभर रडले. आई, आई म्हणून रडले. म्हटलं, घे तुझं. फिटलं. आता माझ्या भावाचं नाव सोड. आईच्या जाण्यात मी भावाचं राहणं शोधत होते, मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

आप्पा मातीला वेळेवर पोचले. इतक्या लांबून कसे पोचले, याचं सगळ्यांना नवल वाटलं. मी त्यांना बाजूला घेतलं, तर माझ्या आधी तेच बोलले.

"फोन येयाच्या आदीच निगालतो मी. तुजं रडणं ऐकलं व्हतं, म्हणून."

"मग तेच ना ते, आप्पा? तेच होतं ना?"

आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "न्हाई, माय. त्याच्यात तू आईचं नाव घेतीस. ह्याच्यात परम्याचं."

त्या दिवशी मी घण घेतला. अ‍ॅम्प अंगणात काढून पहिलाच घाव घातला, तर दांडा हातात राहिला आणि लोखंड सुटून मागे गेलं. मागे परमा होता. त्याच्या कानाजवळून जाऊन ते भिंतीत घुसलं. खड्डा अजून आहे, दाखवीन. मी घण टाकून दिला. मग पिन तोडली, त्याचं तोंड भिंतीकडे केलं. कुणाला देऊन टाकावा तर तो कुठे आहे, कोण वाजवतंय, हे मला कळणार नाही, त्यापेक्षा डोळ्यापुढे बरा. आणि तेव्हापासून मी या दुकानात रडत नाही. आईच्या आठवणीनं भरून आलं की रस्ता ओलांडून ढाब्याच्या मागं जाते, तोंड धुऊन परत येते. ढाब्यावाल्याला वाटतं, मला कांद्याचा त्रास आहे.

आता राहिलं थोडंच. मातीनंतर आप्पा परत कळपाकडे गेले. आता उन्हाळा संपत आलाय, कळप माघारी फिरलाय. या खेपेला त्यांचा पहिला फोन आष्टीहून आला. "परत ऐकलं. तेच. शीळ, तार, आन् तू." मग पाटोद्याहून. मग अलीकडच्या माळावरून. तुमच्या लक्षात येतंय ना, दादा? लांब असताना ऐकलं म्हणजे वेळ आहे. जवळ ऐकलं म्हणजे... आवाज आत यायला निघालाय. चहूकडून या पेटीकडे यायला निघालाय. आणि हरवलेल्या मेंढीच्या घंटेमागे जावं तसे आप्पा त्याच्या मागे मागे आलेत. मेंढ्या चुलतभावाकडे सोपवल्या. कालपासून ते समोर बसलेत, रस्त्यापलीकडे, ढाब्याच्या निंबाखाली. शटरखालून वाकून बघा, दिसतील. लाल पटका. नमस्कार करू नका, त्यांचं तुमच्याकडे लक्ष नाही. ते ऐकतायत.

आमचं असं ठरलंय की आता परत ऐकू आलं तर त्यांनी पटका वर धरायचा. मग मी काहीही निमित्त काढून परमाला इथून बाहेर नेणार. रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे एवढीच फट राहिली आहे आता, पण फट आहे ना? तेवढ्यात एखाद्याचा हात धरून त्याला ओढता येतं. येईलच. सकाळपासून त्यांनी हात हलवलेला नाही. मी दर थोड्या वेळानं बघते, तुमच्याशी बोलतानाही बघतेच आहे.

तुम्ही म्हणाल, बाई शिकलेली दिसते आणि काय सांगत बसलीय. म्हणा. मलाही वाटतं की आप्पांचं वय झालं, आईच्या मागं एकटे पडले, कानात काहीबाही घुमतं. एका दमात वाटतं हे खरं नाही, आणि दुसऱ्या दमात मी शटरखालून बघते. मला एकच भाऊ आहे.

...हं, पंखा फिरला. आली बघा लाईट, तुमचं नशीब. हा दिवा विझवते. परमा! तार चढवून झाली का रे?

"झाली, ताई. आलोच."

आता तो तुम्हाला दोन नवे अ‍ॅम्प ऐकवेल, तुम्ही डोळे मिटून ऐका, किंमत नंतर...

थांबा.

दादा, जरा वाका. निंबाखाली बघा. तो पटका वर आहे ना? मला एकटीलाच तसं दिसत नाही ना? दोन्ही हातांनी धरलाय त्यांनी. उभे राहिलेत. आप्पा कधी उभे राहून धरत नाहीत.

परमा, आत थांब. इकडं दुकानात येऊ नको. अरे, ऐकतोस का...

आणि दादा, तुम्ही हलू नका, फक्त सांगा. त्या कोपऱ्यातल्या भिंतीवर तो लाल उजेड कसला पडलाय? अ‍ॅम्पची पिन माझ्या खणात आहे. खणाला कुलूप आहे. किल्ली ही बघा, माझ्या हातात.

तुम्हाला काही ऐकू आलं? शीळ, तार, काही?

मलाही नाही. आपल्याला ऐकू येणारच नाही आधी... आपण फार जवळ बसलोय.